नासकं दूध आणि अप्पांचं नाक

५ फेब्रुवारी

वहिनीस,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर मी काही बोलले की तू नुसतं "हो वन्सं, हो वन्सं" करतेस आणि मागून नळाचा आवाज येत राहतो. कागद हातात असला की माणसाला निदान बसून वाचावं लागतं.

रविवारी अप्पांना बघून आले तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये. सासरे आहेत ते तुझे, कुंडीतलं झाड नव्हे, आठवलं की पाणी घालायला. त्यांच्या पट्ट्याला नवं भोक पाडलंय, खिळ्याने, वेडंवाकडं. तुझ्या नजरेला तरी पडलं का? आई गेल्यावर मी म्हटलं होतं, अप्पांना माझ्याकडे राहू दे. भाऊ म्हणाला, नाही, मुलाकडेच राहतील. मुलाकडे राहतात म्हणजे तुझ्या हातचं खातात, याच्यापलीकडे त्याला काही अर्थ नाही.

तू चहा करायला आत गेलीस तेव्हा अप्पा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "दूध नासकं देतात गं. भाजीला ओल्या फडक्याचा वास येतो. पाण्यालासुद्धा." तुला कल्पना नसेल म्हणून सांगते. साबणाच्या त्या कारखान्यात अप्पांनी मान हलवल्याशिवाय एक वडी बाहेर पडत नव्हती. मालक स्वतः वासाच्या कागदी पट्ट्या हातात घेऊन त्यांच्या खोलीबाहेर ताटकळत उभा राहायचा. असा माणूस नासकं म्हणाला, तर ते नासकंच.

आणि मला नवल तरी कशाला वाटावं? दिवसभर परक्या माणसांचा शेंबूड बशीत घेऊन बसायचं आणि संध्याकाळी त्याच हातांनी भाजी चिरायची. तुमच्या लग्नात पाहुणे विचारायचे, सून काय करते? मी सांगायचे, औषधांवर काम करते. शेंबडावर काम करते, हे कुठल्या तोंडाने सांगणार होते?

फ्रिज धुऊन काढ. हातही. अप्पांच्या अंगावर मांस दिसलं नाही तर मी गप्प बसणार नाही.

तुझी नणंद


११ फेब्रुवारी

वन्संना नमस्कार,

पत्र बसूनच वाचलं. नळ बंद केला होता.

तुमच्या समाधानासाठी एक गोष्ट केली. दुकानातून दुधाची बाटली आणली ती तशीच अप्पांच्या हातात दिली. झाकण त्यांनाच फोडायला लावलं. त्यांनी एक घोट घेतला आणि बेसिनमध्ये थुंकला. उरलेली बाटली तुमच्या भावाने आणि मी संपवली. तुम्हाला वाईट वाटेल, पण आम्ही दोघंही धडधाकट आहोत.

तेव्हा दूध नासलेलं नाही. अप्पांचं नाक बदललंय.

आता शेंबडाबद्दल. तुम्हाला ज्याची लाज वाटते त्याच्याशिवाय अप्पांना साबणाच्या एकाही वडीचा वास आला नसता. लोकांना वाटतं, नाक म्हणजे उघडी खिडकी, वास आला की सरळ आत. तसं नसतं. हवेतून आलेला वासाचा कण आधी आतल्या ओल्या थरावर पडतो, आणि त्या थरात विकरं असतात. विकर म्हणजे एका पदार्थाचा दुसरा पदार्थ भराभर करून टाकणारं प्रथिन. पोटात अन्न पचतं तेही विकरांमुळेच. नाकातली विकरं कित्येक वासांचं रूप मज्जातंतूपर्यंत पोचायच्या आतच बदलून टाकतात. मेंदूला कळतो तो वास म्हणजे थोडा मूळचा आणि थोडा बदललेला, अशी भेसळ असते. आम्ही कडू बदामाच्या वासाचा थेंब ताज्या शेंबडात घालतो. थोड्याच वेळात त्यातला बराचसा बदाम नाहीसा होतो आणि दुसरंच रसायन तयार झालेलं असतं. तोच शेंबूड आधी उकळून घेतला, म्हणजे विकरं मेली, की बदाम जसाच्या तसा राहतो. हे मी रोज बघते. लाज वाटत नाही.

विकरांचं आणखी एक काम आहे, सफाईचं. आधीचा वास झाडून टाकायचा, म्हणजे पुढच्याला जागा होते. ती मंदावली तर सकाळचं अंडं दुपारच्या पाण्याला लागू शकतं. अप्पा "पाण्यालासुद्धा" म्हणाले ना, ते ऐकून मला हाच संशय आला.

नाकातल्या या विकरांची भावंडं यकृतात असतात. यकृतातल्या विकरांना अडवणारं औषध नाकातल्यांनाही अडवू शकतं. म्हणून विचारते, अप्पा कसल्या गोळ्या घेतात? मला दाखवत नाहीत. डबा उशाखाली असतो. विचारलं तर म्हणतात, "जावई देतात. जावई डॉक्टर आहेत. तू कोण?"

डॉक्टरांना विचारून कळवा. फ्रिज स्वच्छ आहे.

वहिनी


१६ फेब्रुवारी

वहिनीस,

विकर म्हणे! विकार म्हण की सरळ. तोही तुझ्या डोक्याचा.

तुझं पत्र मी डॉक्टरांना वाचून दाखवलं. चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. म्हणाले, "शेंबडात डॉक्टरेट केली की माणसाला सगळं जग चिकट दिसतं." मीही हसले. मग हसू ओसरलं आणि रागच आला. स्वतःचा गलथानपणा झाकायला तू अप्पांच्या नाकावर घसरलीस?

एकदा तेलाची अख्खी टाकी अप्पांनी परत पाठवली होती. तुझ्यासारखेच पांढरे कोट घातलेले चार जण नळ्या हलवत म्हणाले, तेलात काही दोष नाही. अप्पा म्हणाले, "उंदीर पडलाय." टाकी उपसली तर तळाशी उंदीर. त्या नाकाला तू खोटं म्हणतेस, आणि कशाच्या जोरावर? उकळलेल्या शेंबडाच्या!

गोळ्या साध्या आहेत, शक्तीच्या वगैरे. तुला कळायची गरज नाही.

रविवारी येतेय. अप्पांची बॅग भरून ठेव. भाऊशी माझं बोलणं झालंय, त्याची हरकत नाही.

तुझी नणंद


२७ फेब्रुवारी

वन्संना नमस्कार,

तुमच्या भावाची हरकत नाही हे कळवल्याबद्दल आभार. त्यांची कशालाच हरकत नसते. तुम्ही माझ्या फ्रिजमधला एकेक डबा उघडून नाकाला रुमाल लावत होतात तेव्हा ते बॅगेची चेन दुरुस्त करत बसले होते. चेन मोडलेली नव्हती.

रुमाल लावून वास कसा घेतात हे मला शिकायचंय. आमच्याकडे तशी सोय नाही.

अप्पा गाडीत बसले तेव्हा उन्हातही कोट घालून होते. मी खिडकीशी गेले तर म्हणाले, "तुझ्यावर राग नाही." एवढंच बोलले. तुम्ही काच वर केलीत.

त्यांच्या पलंगामागे गोळ्यांचं एक रिकामं पाकीट सापडलं. शक्तीच्या गोळ्या नाहीत त्या. नखाच्या बुरशीच्या आहेत, आणि बरेच महिने घ्यायच्या असतात. नेमकी त्याच जातीची गोळी आहे, यकृतातल्या विकरांना अडवणारी. तुम्हाला हे माहीत होतं की नाही ते मी विचारत नाही. डॉक्टरांना नक्कीच माहीत होतं.

ती गोळी थांबवून बघा. अंगठ्याचं नख काळं राहिलं तर मोज्यात झाकता येतं.

वहिनी


६ मार्च

वहिनीस,

कळवायला आनंद होतो की अप्पांनी आज सकाळी दोन अंडी खाल्ली. वर पाव. तुझ्याकडे त्यांना पाण्याचाही वास येत होता, माझ्याकडे येत नाही. यातून काय समजायचं ते तुझ्यासारख्या विदुषीला मी काय सांगू?

हो, नखाच्याच गोळ्या आहेत. रिकामं पाकीट हुडकून तू काय मोठा शोध लावलास? नखाचा आणि नाकाचा संबंध काय? दोन्ही शब्द 'न'ने सुरू होतात, एवढाच. डॉक्टरांनी स्वतः दिल्यात, स्वतःच्या सासऱ्यांना. इतकी वर्षं लोक त्यांच्या दवाखान्यात रांग लावतात. तुझ्या दारात रांग लागते ती सर्दी झालेल्यांची, आणि त्यांना तू वर पैसे देतेस म्हणे नाक शिंकरायचे.

आमच्या स्वयंपाकाच्या बाईंच्या हाताला चव आहे, घर स्वच्छ आहे आणि अप्पांना उजेडाची, हवेशीर खोली दिलीय. तू आता निवांत तुझ्या बश्या सांभाळ.

तुझी नणंद


१२ मार्च

वन्संना नमस्कार,

अंडी उकडलेली होती की तव्यावरची? गरम की गार? गार अन्नाला वास कमी येतो. अप्पांनी ती तुमच्यासमोर खाल्ली का?

डॉक्टरांना फोन केला होता. म्हणाले, "तू शेंबूड सांभाळ, मी पेशंट सांभाळतो." आणि ठेवून दिला. तुमच्या घरात विनोद एकच आहे आणि तो दोघांत वाटून घेता असं दिसतंय.

अप्पांचं वजन करून कळवा. वजनकाटा दवाखान्यात असेलच, रांग हटवून जागा झाली तर.

वहिनी


२ एप्रिल

वहिनीस,

उत्तराला उशीर झाला. घरात गडबड आहे.

स्वयंपाकाच्या बाईंना काढलं. तू कुठून तरी ऐकशीलच, भाऊच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून मीच लिहितेय. बाई शिळं वाढत होती. मला पत्ताच नव्हता. शुक्रवारी डॉक्टरांचे मित्र जेवायला होते. अप्पांनी पहिला घास तोंडात घातला, तसाच ताटात काढून ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सुनेकडे दूध तरी नुसतं नासकं होतं. इथे मेलेलं वाढतात." पाहुण्यांनी चमचे खाली ठेवले. डॉक्टरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मी आत जाऊन बाईला तिथल्या तिथे घरी जायला सांगितलं. उलट बोलत होती. म्हणे, "तुम्ही चाखून बघा ना, बाई, एकदा चाखून तरी बघा." चाखायचं कशाला? अप्पा सांगतायत ना.

आता मीच करते स्वयंपाक. अप्पांची तब्येत तशी ठीक आहे. पुढच्या आठवड्यात आम्हा दोघांना लग्नाला जायचंय, दोन रात्रींसाठी. शेजारीण लक्ष ठेवील. तू येण्याची गरज नाही.

तुझी नणंद


१५ एप्रिल

वन्संना,

तुमच्या शेजारणीने सांगायच्या आधी मीच सांगते. तुम्ही लग्नाला गेला होतात तेव्हा मी तुमच्या घरी येऊन गेले.

यायचं कारण अप्पा होतेच, पण खरं तर त्या स्वयंपाकाच्या बाईंनी मला आणलं. तुमचं पत्र मी कामावर नेऊन पुन्हा वाचलं. मला नासक्या दुधाची म्हणालात, ठीक आहे, मी तुम्हाला पुरून उरते. त्या बाईंचं पोट त्या कामावर होतं. एक घास चाखून बघायला सांगत होत्या त्या. तुम्हाला तेवढाही कमीपणा वाटला? माझ्या शेंबडाची तुम्हाला शिसारी येते. मला त्या दिवशी तुमची आली.

असो. दार अप्पांनीच उघडलं. स्वेटर घालून होते. मला बघून म्हणाले, "काय आणलंस?"

"काही नाही. तुम्ही खाणार नाही ते कशाला आणू?"

हे त्यांना आवडलं असावं. आत येऊ दिलं. टेबलावर तुम्ही झाकून ठेवलेलं ताट होतं, उघडलेलंही नव्हतं. त्यांचं मनगट पकडलं तर माझं बोट आणि अंगठा एकमेकांवर चढले. 'तशी ठीक' या शब्दांचा अर्थ तुमच्या घरात वेगळा दिसतो.

मी त्यांच्या कारखान्याची जुनी गुलाबाची वडी घेऊन गेले होते. बाजारात आता मिळत नाही, माझ्या एका सहकाऱ्याच्या आईने कपड्यांत ठेवली होती, तिच्याकडून मागून आणली. अप्पांच्या हातात दिली. त्यांनी कागद सोडवला, वडी लांब धरली, मग जवळ आणली, मग डोळे मिटले. तुम्ही म्हणता तसा तो माणूस कामावर कसा दिसत असेल ते मला तेव्हा दिसलं.

"ओलं लोखंड," म्हणाले. "आणि मागे काहीतरी सडलेलं." मग डोळे उघडून वडीवरचे अक्षरांचे ठसे वाचले. "ही तर माझी आहे. हा गुलाब मी बसवला होता."

मी म्हटलं, "होय अप्पा. आणि माझ्या नाकाला अजून गुलाबच येतोय."

मला वाटलं होतं, चिडतील. मला हाकलून देतील. मी भांडायच्या तयारीनेच आले होते. पण ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "मग खरंच आहे ते."

"काय खरं आहे?"

"मी आतून कुजतोय. तुझ्या सासूलाही शेवटी असंच झालं होतं. म्हणायची, मला माझाच वास येतो हो, खिडकी उघडा. मी खिडकी उघडायचो. मला तर काहीच येत नव्हता. महिनाभरात गेली."

मी म्हटलं, "तुम्ही हे कोणाला बोलला का नाहीत?"

तेव्हा काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. "दूध नासकं म्हटलं की तुम्ही दुधावरून भांडता. मी मरतोय म्हटलं असतं, तर माझ्यावरून भांडला असतात."

वन्सं, मी माझ्या कामात शेकडो माणसांना विचारत असते, वास कसा येतो, कधीपासून, कशासारखा. घरातल्या माणसाला मी बाटलीचं झाकण फोडायला लावलं आणि त्याच्यासमोर ते दूध पिऊन दाखवलं. तुम्हाला जिंकायची होती ती बाजी मलाही जिंकायचीच होती.

मग त्यांना गोळीचं सांगितलं. विकरं, यकृत, सगळं. माझ्या सहकाऱ्यांपेक्षा लवकर कळलं त्यांना. कारखान्यात त्याच तेलाचा वास दोन माणसांना दोन तऱ्हेने का येतो याचं कोडं त्यांना आयुष्यभर होतं म्हणे. शेवटी म्हणाले, "म्हणजे अंगठ्यापायी नाक गेलं? जावयाने तपासलं तेव्हा पायाकडेच बघत होता, वर मान केली नाही." आणि उशाखालचा डबा आणून माझ्या हातात दिला.

गोळ्या मी घेऊन आले आहे. डॉक्टरांना सांगा, चोरीला गेल्या. अप्पांना नीट सांगितलंय की गोळीचा असर उतरायला आठवडे लागतील, आणि वास परत येईलच असं वचन मी देत नाही. कारण दुसरंही काही असू शकतं. सोमवारी मोठ्या इस्पितळात त्यांच्या तपासण्यांची वेळ घेतली आहे. तुम्ही नेलंत तर तुम्ही, नाहीतर मी येते.

जाताना ते ताट मी खाल्लं. ताजं होतं. मीठ जास्त.

वहिनी


१९ एप्रिल

वहिनी,

तपासण्यांना मी नेलं. रिपोर्ट यायचे आहेत.

तुझं पत्र डॉक्टरांना वाचून दाखवलं नाही. नुसतं विचारलं, "या गोळीने नाक बिघडतं का?" पेपर खाली न ठेवता म्हणाले, "क्वचित कुणाला होतं काहीबाही. नखं तर साफ झाली ना?"

नखं तर साफ झाली ना! मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं हा माणूस काही बोलला की मी मान डोलावत आले. तो हसला की हसत आले. रांगेतल्या लोकांची तरी फी देऊन सुटका होते.

आणि अप्पा. वहिनी, ते मला का नाही बोलले? मी मुलगी आहे त्यांची. रोज ताट घेऊन समोर बसत होते. आईच्या वेळी खिडकी मीसुद्धा उघडलीय. मला न सांगता त्यांनी ते तुला सांगितलं, जिला ते "तू कोण" म्हणत होते. तुला यात विजय वाटत असेल तर वाटू दे. मला काही वाटेनासं झालंय.

ती दोन अंडी. एक त्यांनी रुमालात गुंडाळून खिशात टाकलं होतं, दुसरं मी खाल्लं. उकडलेली होती. गार.

वन्सं


१० मे

वन्संना नमस्कार,

रिपोर्ट वाचले. तुम्ही पाठवलेत म्हणून बरं झालं, तुमच्या भावाने विचारायचं धाडस केलं नसतं. पोटात, रक्तात, फुप्फुसात काही वावगं नाही. अप्पा कुजत नाहीयेत. हे त्यांना तुम्ही सांगा, मी नाही. तुमच्या तोंडून ऐकू दे.

ते सकाळी लिंबाची साल हुंगून लिंबासारखी म्हणाले, असं रिपोर्टांसोबतच्या पत्रात कळवलंत. अजून नाचू नका. काही वास आधी परततात, काही रेंगाळतात. आणि स्पष्टच लिहिते, गोळी बंद केली आणि नाक सुधारलं यावरून गोळीनेच बिघडलं होतं हे सिद्ध होत नाही. डॉक्टर योगायोग म्हणत असतील तर शास्त्र म्हणून त्यांचं चूक नाही. त्यांची चूक वेगळी आहे, त्यांनी पेपर खाली ठेवला नाही.

विजय वगैरे काही वाटला नाही. त्यांनी मला सांगितलं कारण त्या वेळी समोर मी होते, आणि माझ्या रागाचं त्यांना ओझं नव्हतं. तुमच्या प्रेमाचं असावं. ते फार मोठ्या आवाजातलं असतं.

आता मुद्द्याचं. स्वयंपाकाच्या बाईंचं काय केलंत? तुमच्या दोन्ही पत्रांत त्यांचं नाव नाही, कामाने नाही, शिवीने नाही. जाऊन या त्यांच्याकडे. जात नसाल तोवर मला लिहू नका.

वहिनी


२ जून

वहिनी,

जाऊन आले. म्हणून लिहिण्याचा हक्क आहे.

एकटी जाणार होते. अप्पांनी ऐकलं नाही. म्हणाले, "शिळं कोण म्हणालं? मी. मग तू तिथे जाऊन कुणाची चूक सांगणार?" बूट स्वतः घातले. पट्टा आता मधल्या भोकात बसतो.

बाई तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही, जिन्यात एकच दिवा. अप्पा दर मजल्यावर थांबत होते. दार बाईंनीच उघडलं, हातात उलथनं. आम्हाला बघून आत या म्हणाल्या नाहीत.

मी आधीच ठरवून आले होते काय बोलायचं. "बाई, गैरसमज झाला होता, वडिलांची तब्येत..." एवढंच झालं असेल, अप्पांनी मला हाताने बाजूला केलं आणि म्हणाले, "बाई, तुमचं जेवण ताजं होतं. माझं नाक बिघडलं होतं. मी सगळ्यांसमोर बोललो, ते चुकलं."

बाई म्हणाल्या, "जेवण ताजं होतं ते मला माहीतच होतं. ते सांगायला एवढे जिने कशाला चढलात?"

मी म्हटलं, "परत याल का? पगार वाढवून देईन."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं! वहिनी, मी आजवर किती जणांकडे तसं बघितलं असेल याचा हिशेब नाही, पण माझ्याकडे तसं कुणी बघितलं नव्हतं. "तुमच्याकडे?" म्हणाल्या. "मी आता बँकेच्या कँटीनमध्ये आहे. तिथले लोक आधी चाखतात, मग बोलतात." आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. नुसतं लावलं, कामाच्या वेळी लावतात तसं.

मी लगेच वळले. दोन पायऱ्या उतरलेही. मागे बघते तर अप्पा तिथेच, दाराकडे तोंड करून, कठड्याला धरून उभे. मला वाटलं, चक्कर आली. "अप्पा?" म्हटलं तर हात वर करून मला गप्प केलं.

आत बाईंनी तेलात लसूण टाकला होता.

अप्पांचे डोळे मिटलेले होते. एक श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. म्हणाले, "लसूण. लसूणच आहे." मग थोडं थांबून, "आता कडा लाल होतायत. आता मिरची पडेल." आणि आत चर्र वाजलं.

माझं तोंड उघडलं होतं काहीतरी बोलायला. चला, लोक बघतायत, परक्याच्या दारात काय हे, असलंच काहीतरी. बोलले नाही.

एवढ्यात दार पुन्हा उघडलं. बाईंना वाटलं असावं आम्ही गेलो. "अजून इथेच?"

"वास घेतोय," अप्पा म्हणाले.

बाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. कोट सैल, गळा बारीक. मग माझ्याकडे एकदा, तशाच नजरेने. "घ्या," म्हणाल्या, "त्याला पैसे पडत नाहीत." आणि आत गेल्या. पण या वेळी दार लोटलं नाही.

आम्ही बराच वेळ तसेच उभे होतो, अप्पा वरच्या पायरीवर, मी दोन पायऱ्या खाली, पर्स छातीशी धरून. आतून कुणी या म्हणालं नाही आणि जा म्हणालं नाही. मला नुसताच लसणाचा वास येत होता. त्यांना काय काय येत होतं ते त्यांच्या चेहऱ्यावरून मी बघत राहिले.

वन्सं